आबांच्या स्लाइड टीव्हीवर आणताना

आबा फैजपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या मागे लाकडी पेटीत २१४ स्लाइड राहिल्या, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायचे, चौकटीत बसवलेले पारदर्शक फिल्मचे फोटो. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, भुसावळची वाफेची इंजिनं, हतनूर धरणाचं चालू असलेलं काम, आणि घरची माणसं. पेटी होती माळ्यावर, पत्र्याखाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उष्णता व दमटपणाने फिल्मचे रंग उडतात. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर बाकीचं सावकाश करा, पण पेटी आजच खाली उतरवा.

मी आधी वीस स्लाइड एका स्टुडिओत दिल्या होत्या. फोटो आले ते लहान आकाराचे. तीन तर उलटे होते, स्टेशनची पाटी आरशात पाहावी तशी. रंग यंत्राने आपोआप 'सुधारलेले'. स्वतःचाच फोटो पाहून घरातली वडीलधारी जिजी म्हणाली, "हे लुगडं असं नही व्हतं माय, पोपटी व्हतं." त्या दिवशी ठरवलं, हे काम घरी, जिजीच्या शेजारी बसून करायचं.

सुरुवातीला चौकटी बघा. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत फिल्म असेल तर तसं चौकटीवर छापलेलं असतं. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार टिकतात. आमच्या मामांनी परदेशातून पाठवलेल्या अकरा स्लाइड आजही ताज्या आहेत. आबांच्या बाकीच्या बहुतेक ओर्वो या पूर्व जर्मनीच्या फिल्मच्या, त्या लालसर झाल्या आहेत. असे दोन ढीग वेगळे करा. चौकटीवरची तारीख, गाव, जे काही लिहिलेलं असेल ते वहीत उतरवा.

सफाईसाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे. उन्हाळ्यातली लू नको, पावसाळ्यातली ओल नको. सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा बंद ठेवा. रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंची धूळ उडवा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे थेंब उडतात. स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो, तिथे पाणी अजिबात लावायचं नाही. बुरशी लागली असेल तर त्या थरातलं जिलेटिन पाण्याने सुटून येतं. चकचकीत बाजूवरचे डाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने हलकेच निघतात. जखमेवर लावायचं स्पिरिट चालत नाही, त्यात बरंच पाणी असतं.

स्कॅनर घेणार असाल तर एक हिशेब करा. चित्र २४ × ३६ मिलिमीटरचं असतं. २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० ठिपके) सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात, घरच्या टीव्हीला तेवढे पुरतात. स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय कोडाक्रोमवर मात्र बंद ठेवा, चित्राच्या कडाच खराब होतात.

मी स्कॅनरऐवजी भावाचा कॅमेरा आणि अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स वापरली. टेबलावर पांढऱ्या प्रकाशाचं एलईडी पॅनल, त्यावर दुधी ॲक्रिलिक, त्यावर दोन इंचांचा चौकोन कापलेला काळा पुठ्ठा, आणि त्या चौकोनात स्लाइड, चकचकीत बाजू वर. तशी ठेवली की फोटो उलटा येत नाही. कॅमेरा अगदी सरळ खाली बघतोय ना, हे तपासायला पॅनलवर छोटा आरसा ठेवा. लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं पाहिजे. खोलीत अंधार, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने काही न सुधारलेली. फोकस चित्र मोठं करून फिल्मच्या दाण्यांवर धरा. हे एकदा जमलं की पुढचं भराभर होतं. माझं सगळं तीन सकाळींत उरकलं.

खरा वेळ रंगांना द्या. लालसर स्लाइड गिम्पमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लेव्हल्स या त्यातल्या रंगांच्या आलेखात लाल, हिरवा, निळा एकेक घेऊन आलेखाची दोन्ही टोकं जिथे चित्र सुरू होतं आणि संपतं तिथे आणा. निम्मी लाली तेवढ्यानेच जाते. मग काहीतरी ओळखीचं शोधा. आबांची पांढरी टोपी मला फार उपयोगी पडली. पण संध्याकाळच्या उन्हातली टोपी पिवळसरच राहू द्यायची, ती वेळ तशीच होती. पोपटी लुगड्यासाठी जिजीने ट्रंक उघडली. लुगडं होतं! खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, ते पडद्याशेजारी धरून मी हिरवा जुळवला.

सगळं उजळ करत सुटू नका. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली छायाचित्रं पाहून आल्यावर आबांनी घरच्या पितळी तांब्याची आणि वांग्यांची एक स्लाइड काढली होती, जवळजवळ काळोखातली. स्टुडिओने तिच्यातला काळोख पुसून मागची भिंत दाखवली होती. मी तो परत आणला.

टीव्हीसाठी जेपीजी प्रती पेनड्राइव्हवर घ्या. नावं ००१, ००२ अशी सुरू करा, म्हणजे क्रम मोडत नाही. टीव्हीचा भडक मोड बंद करून सिनेमा मोड लावा. स्लाइड ३:२ असते, टीव्ही १६:९. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या, पडदा भरण्यासाठी कुणाचे पाय कापू नका. मूळ फायली दोन हार्डडिस्कवर ठेवा. माझी एक नाशिकला भावाकडे आहे. स्लाइड सिलिका जेलसोबत खालच्या कपाटात.

दाखवताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवून टीव्हीजवळ ठेवा. ०८७ नंबरला जिजीने थांबवलं. घोड्यामागे उभ्या बाईकडे बोट दाखवलं, तिचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं. चौकटीवर आबांनी नुसतं 'यात्रा' लिहिलं होतं. तिचं नाव मी त्याच रात्री वहीत लिहिलं.