हिमालयातला सुरुवातीचा बर्फ: या चुका टाळा

‘गुडघाभरही बर्फ नाही, कोसळणार काय?’

डिसेंबरात केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास अशा उत्तराखंडातल्या ट्रेकना निघालेल्या मराठी मंडळींच्या तोंडी, हिमस्खलनाचा विषय निघाला की, हे हमखास असतं. पण बर्फ पातळ आहे, हीच तर गोम! जमिनीलगतचं तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे १५ अंशांपर्यंत उतरतो. मीटर-दोन मीटर बर्फात हा फरक पसरून जातो, ४० सेंमीत तो एकवटतो. दर १० सेंमीला १ अंशाहून जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकते आणि तळाचे कण जाड्या साखरेसारखे सुटे होतात. मुठीत दाबून लाडू वळला नाही, तर तोच हा बर्फ. पुढच्या पश्चिमी विक्षोभात (पश्चिमेकडून येणाऱ्या, हिमालयात बर्फ आणणाऱ्या वादळी हवेत) यावर ३०-४० सेंमी भर पडते आणि वरचा घट्ट थर बिनआधाराचा राहतो. उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर ही कमजोरी आठवडेच्या आठवडे टिकते.

तपासायचं तर जमिनीपर्यंत खणा आणि ३० × ३० सेंमीचा खांब मोकळा करा. त्यावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० टोले द्या. सुरुवातीच्याच टोल्यांत थर सपकन सरकला तर त्या उताराचा नाद सोडा. नाही सरकला, तरी तो निकाल त्या एका खड्ड्यापुरताच.

‘आज तर पडलाच नाही’

वारा रात्रीतून धारेपलीकडच्या आडोशाला मोठा थर रचू शकतो, त्यासाठी आभाळातून नवा बर्फ पडायची गरज नसते.

‘हा काही हंगाम नव्हे’

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले; दोन डझनांहून जास्त जण दगावले. लोंढ्याने अनेकांना हिमभेगेत लोटलं होतं. पातळ बर्फाखाली भेगा आणि दगड दोन्ही दबा धरून असतात.

पायाखालचाच उतार मोजणं

काठी बर्फावर आडवी टाकून तिच्यावर फोनचा कोनमापक ठेवा. ३० ते ४५ अंश हा धोक्याचा पट्टा. तुम्ही सपाटीवर असलात, तरी डोक्यावरचा उतार त्या पट्ट्यात असला तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात. पलीकडे जाणं भागच असेल तर एकेकाने जा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवा. आधीच्या गटाची पावलं दिसली म्हणजे उतार पक्का, असं नाही.

बीकन आहे, पण फोनशेजारी

बीकन म्हणजे गाडलेल्या माणसाचा माग लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र. ते संकेत पाठवण्याच्या मोडमध्ये असताना फोन किमान २० सेंमी, शोधताना ५० सेंमी लांब हवा. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं सॅकमध्येच असावं, खेचरावर नको. गाडलेल्या माणसाच्या हाती पहिली १०-१५ मिनिटंच असतात.

चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बर्फ किंचित खचला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर खड्डा खणत बसू नका. आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा, अंतर ठेवून.