पारदर्शक पट्टी आणि जुना ब्राउझर
रावेरच्या केळी व्यापाऱ्याची साइट: मागे बागेचा फोटो, वर भावाची अर्धपारदर्शक काळी पट्टी. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, तिला 'ओपॅसिटी' (अख्ख्या पट्टीची पारदर्शकता) लावू नका. आतली अक्षरंही फिकी पडतात, आणि भावच वाचता आला नाही तर साइट काय कामाची? पट्टीच्या बॅकग्राउंडला 'आरजीबीए' रंग द्या (यात रंगासोबत फक्त त्या रंगाची पारदर्शकता लिहिता येते), पण त्याच्या आधीच्या ओळीत साधा गडद रंग लिहा. आरजीबीए इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरला २०११ च्या ९ व्या आवृत्तीपासून कळतं. ८ वी आवृत्ती ती ओळ सोडून देते आणि आधीचा रंग धरते. क्रम उलटा झाला की नव्या ब्राउझरमध्येही पट्टी ठार काळी, कारण शेवटची ओळ जिंकते. पट्टीमागचा फोटो धूसर काचेतून पाहिल्यासारखा करणारा 'बॅकड्रॉप-फिल्टर' फायरफॉक्समध्ये २०२२ मध्ये आला. त्याच्या भरवशावर अक्षरं ठेवू नका.