पेशीश्वसन शिकताना या चुका टाळा

'एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी' (एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) हे ज्याला पाठ आहे, त्याला विचारा: यातले ऑक्सिजन नसतानाही मिळाले असते ते किती? बहुतेक जण गप्प बसतात. उत्तर आहे २. एकूण आकडा पाठ करायचा आणि हिशेब सोडून द्यायचा, ही या धड्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हिशेब दरवेळी कागदावरच मांडावा. रकाने चार: एटीपी, एनएडीएच, एफएडीएच२ आणि कार्बन डायऑक्साइड. मधले दोन म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. पेशीद्रव्यातल्या ग्लायकोलायसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यात, २ एटीपी खर्च होतात आणि ४ बनतात, म्हणून एटीपीच्या रकान्यात निव्वळ २. सोबत २ एनएडीएच आणि पायरुविक आम्लाचे २ रेणू. हे रेणू तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरले की प्रत्येकाचा एक कार्बन निघून जातो आणि असेटिल-को-एन्झाइम-ए बनतं: २ एनएडीएच, २ कार्बन डायऑक्साइड. पुढच्या क्रेब चक्रात हमखास घोळ होतो, कारण पुस्तकातली आकृती एका फेरीची असते आणि एका ग्लुकोजमागे फेऱ्या होतात दोन. दोन्ही मिळून ६ एनएडीएच, २ एफएडीएच२, २ एटीपी आणि ४ कार्बन डायऑक्साइड. बेरीज आली ४, १०, २ आणि ६. शेवटच्या रकान्यात ६ आले नाहीत, तर पुढे जाऊच नका. ग्लुकोजमध्ये कार्बन ६ असतात, त्यामुळे वर कुठेतरी दुप्पट करायचं राहिलंय हे नक्की.

जुन्या हिशेबात एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच२मागे २ एटीपी धरतात: ३० + ४ + ४ = ३८. शालेय पुस्तकांत अजून तोच दिसतो. नव्या हिशेबात २.५ आणि १.५ धरतात: २५ + ३ + ४ = ३२. अर्धा एटीपी कसा, म्हणून मुलं हसतात, पण कारण सरळ आहे. एनएडीएच आणि एफएडीएच२ यांचे इलेक्ट्रॉन घेणारी इलेक्ट्रॉन वहन साखळी स्वतः एटीपी बनवत नाही, ती तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलते. एनएडीएचमागे सुमारे १०, एफएडीएच२मागे सुमारे ६. ते प्रोटॉन परत येताना एटीपी बनतो, आणि एक एटीपी बनवून तंतुकणिकेबाहेर पोहोचवायला सुमारे ४ प्रोटॉन लागतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही ठिकाणी ३० हा आकडा दिसतो, तोही चुकीचा नाही. ग्लायकोलायसिसमधलं एनएडीएच आतलं पटल ओलांडू शकत नाही, फक्त त्याचे इलेक्ट्रॉन आत पोहोचवले जातात. वाटेत ते एफएडीकडे (इलेक्ट्रॉन घेऊन एफएडीएच२ होणाऱ्या रेणूकडे) सोपवले गेले, तर त्या २ एनएडीएचमागे २.५ऐवजी १.५च मिळतात. परीक्षेत पुस्तकातलाच आकडा लिहा, पण शेजारी हिशेब मांडा.

आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडत नाही, त्याचं पाणी होतं. क्रेब चक्रात ऑक्सिजन थेट वापरला जात नाही, पण तो नसला की एनएडी (इलेक्ट्रॉन दिल्यावर एनएडीएचचं उरणारं रूप) मोकळं होत नाही आणि चक्र थांबतं. किण्वनात, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडताना, ग्लायकोलायसिसपलीकडे एकही एटीपी मिळत नाही. एनएडी मोकळं करणं एवढंच त्याचं काम. आणि लॅक्टिक आम्ल बनताना कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. वनस्पतींचं श्वसन दिवसाही चालतंच.

आता श्वसनात उष्णता निघते हे दाखवणारा थर्मासचा प्रयोग. एका थर्मासात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकळून थंड केलेले, दोन्हींत तापमापी. पहिल्या दिवशी जिवंत हरभऱ्यांचं तापमान वाढतं, सगळे खूश. मग शनिवार-रविवारी प्रयोगशाळा बंद राहते, आणि सोमवारी मेलेले हरभरेच जास्त गरम! गटातलं कुणीतरी घाईने आकडे उलटे करून वहीत उतरवतं. ही लबाडी आहे, आणि तिच्यापायी प्रयोगातला सर्वांत शिकण्याजोगा भाग हरवतो. उकळलेले हरभरे म्हणजे जिवाणू आणि बुरशीसाठी शिजवून ठेवलेलं जेवण. त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव श्वसन करतात आणि ती उष्णता तापमापीवर दिसते. म्हणून दोन्ही हरभरे आधी एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं ठेवावेत, मग उकळून गार केलेल्या पाण्याने नीट धुवावेत. ब्लीच राहिलं तर जिवंत बियाही मरतात. तोंडाला घट्ट बूच न लावता कापूस लावा, हवा आत गेली पाहिजे. तापमापीचा फुगा बियांच्या मधोमध हवा. एवढं करूनही दोन-तीन दिवसांनंतरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

श्वसनमापीत (श्वसनात वापरला जाणारा ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणात) कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवायला विसरलात, तर मोड आलेल्या गव्हाने नळीतली पातळी जवळजवळ हलणारच नाही, कारण जेवढा ऑक्सिजन आत जातो तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. शेंगदाण्याने थोडी हलेल, कारण तेल वापरलं जाताना ऑक्सिजन जास्त लागतो. आणि वाचन घेताना नळी मुठीत धरू नका. हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि पातळी उलटी सरकते. उपकरण जुळवल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या, मगच पहिलं वाचन घ्या.