आधी खिडक्या, मग भिंती: जुन्या सामानातून परसातला स्टुडिओ

माझ्या स्टुडिओची सुरुवात तीन खिडक्यांपासून झाली. एका पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्याशेजारी त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रत्येकी 4 फूट उंच, 3 फूट रुंद, रंगाचे पापुद्रे सुटलेले, पण चौकटीचे सांधे घट्ट. तोवर मी वहीत खोलीची कितीतरी चित्रं काढली होती. त्या दिवशी ती सगळी बाजूला ठेवली आणि भिंत खिडक्यांच्या मापाने आखली. तीन खिडक्यांचे 9 फूट, त्यांच्यामधल्या आणि कडेच्या चार खांबांचे 16 इंच, प्रत्येक चौकटीच्या दोन्ही अंगांना पाव इंच फट, आणि उरलेल्या दीडेक फुटात दोन्ही टोकांना फळ्या. अशी 12 फुटांची भिंत झाली. खोली 10 बाय 12 ठरली ती त्यामुळे.

जुन्या सामानातून बांधायचं तर क्रम असाच हवा. आधी नकाशा करून मग त्या मापाची खिडकी शोधत बसलात तर वर्ष जाईल, किंवा शेवटी नवी करून घ्यावी लागेल. म्हणून पहिले तीन-चार महिने फक्त जमवाजमव करा. आणलेल्या प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहा आणि सामान जमिनीपासून उचलून, वर ताडपत्री घालून, हवा खेळेल असं रचा. याच काळात आपल्या भागात परसात खोली बांधायला कुंपणापासून किती अंतर सोडावं लागतं, परवानगी लागते का, याची चौकशी उरकून घ्या.

मी चित्रं काढते, त्यामुळे मला दिवसभर सारखा राहणारा उजेड हवा होता. उत्तर गोलार्धात तो उत्तरेच्या खिडकीतून मिळतो, कारण तिथून थेट ऊन जवळजवळ येत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांकडे उन्हाळ्यात काही आठवडे सूर्य उत्तरेकडून जातो, तेवढ्यासाठी पातळ पांढरा पडदा पुरतो. दक्षिण गोलार्धात हेच उलट करायचं.

लाकूड निवडताना रंगाकडे बघू नका, टोकं बघा. जमिनीला टेकलेलं किंवा भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं. तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. पाव इंच सहज आत गेला तर तेवढा भाग कापून टाकायचा, किंवा वासा सोडून द्यायचा. बारीक भोकं आणि खाली ताजा पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे, ते लाकूड परसातही आणू नका. खोक्यांची आणि पॅलेटची लाकडं घेणार असाल तर त्यांवरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको.

खिळे काढण्यात माझे बावीस दिवस गेले, आणि त्या कामावर माझा जीव जडला. गंजलेला खिळा सरळ ओढला तर डोकं तुटतं आणि दांडा आतच राहतो. आधी त्यावर हातोडीचा एक ठोका आतल्या दिशेने द्यायचा. गंजाची पकड सुटते तेव्हा ‘चुक्’ असा बारीक आवाज येतो. मग मागून बाहेर आलेलं टोक सरळ करून ठोकायचं, डोकं वर आलं की पहारीचा पंजा त्याखाली घालायचा आणि पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वाशावर व्रण उठत नाही. शेवटी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सगळ्या लांबीवरून फिरवा. जिथे ते ओढ घेईल तिथे खडूने फुली. हे न करता करवत चालवली तर पातं जातं, आणि यंत्राची करवत असेल तर जखमही होते.

दोन गोष्टींपासून दूर राहा. जुने राखाडी सिमेंटचे पन्हाळी पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुटताना, कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात जन्मभर राहते. दुसरी गोष्ट जुना ऑइल पेंट. त्यात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा घासू नका, जाळून काढू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने, चांगला मास्क लावून काढा, खाली प्लास्टिक अंथरा आणि तो चिखल गोळा करून वेगळा बांधा. लहान मुलं त्या दिवशी परसात नकोत.

जोत्यासाठी मी जुन्या विटा वापरल्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. चुन्यात बांधलेल्या विटा छिन्नीच्या दोन टोल्यांनी साफ होतात. सिमेंटमध्ये बांधलेल्या साफ करताना फुटतात, त्या भरावाला टाका. आखणीसाठी काटकोन साधायचा तर दोरीवर 6, 8 आणि 10 फुटांचा त्रिकोण धरा, मग दोन्ही कर्ण मोजा. 10 बाय 12 च्या खोलीचे कर्ण जवळपास 15 फूट साडेसात इंच येतात, आणि दोन्ही सारखे असले पाहिजेत. मऊ माती संपून कठीण थर लागेपर्यंत खणून बारा ठेंगणे खांब बांधले, पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांची पातळी मिळवली. लाकूड जमिनीपासून निदान 8 इंच वर हवं. वीट आणि लाकूड यांच्यामध्ये जाड प्लास्टिकची पट्टी विसरू नका. वीट ओल वर ओढते आणि लाकूड ती पिऊन कुजतं.

छप्पर एकपाखी ठेवा. आढं नाही, सांधा नाही, गळायला जागा कमी. माझी उत्तरेची भिंत साडेनऊ फूट, दक्षिणेची साडेसात. म्हणजे 10 फुटांत 2 फूट उतार. पत्रे जुने लोखंडी होते. शेजारचे पत्रे दीड पन्हाळ एकमेकांवर चढवा आणि वर-खाली निदान 6 इंच. हुक किंवा स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. जुनी भोकं शक्यतो त्याच जागी वापरा, उरलेली डांबरी पट्टी चिकटवून बंद करा. रबरी वॉशर मात्र नवे घ्या. पाखं चारी बाजूंनी दीड फूट तरी बाहेर काढा.

पहिल्या पावसात माझ्या खिडकीखालची फळी आतून भिजली. पाणी काचेतून आलं असेल म्हणून मी तावदानांची पुट्टी दोनदा काढून भरली. दोष दुसरीकडेच होता. खिडकीच्या तळाच्या लाकडावरून ओघळणारं पाणी कडेवरून खाली न पडता त्याच्या पोटाला चिकटून मागे सरकत होतं आणि भिंतीत उतरत होतं. उपाय साधा आहे. ते लाकूड भिंतीच्या दोन इंच बाहेर आलं पाहिजे, बाहेरच्या बाजूला उतरतं असलं पाहिजे, आणि त्याच्या पोटाला, कडेपासून अर्ध्या इंचावर, पेन्सिलच्या जाडीची एक सलग खाच हवी. थेंब खाचेपाशी येतो, ओलांडू शकत नाही, आणि गळून पडतो. मी ती खाच पटाशीने, उताणं पडून, तिन्ही खिडक्यांना कोरली. तुम्ही बसवण्याआधीच कोरा.

काचेची पुट्टी घरी होते. खडूची बारीक भुकटी आणि जवसाचं तेल, कणकेसारखं मळायचं. काच खोबणीपेक्षा सगळीकडून 2 मिलिमीटर लहान कापा, नाहीतर लाकूड फुगलं की तडकते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर सपाट पसरून वाळवा. कडक केलेली काच कापता येत नाही, कापायला गेलं की चुरा होतो, म्हणून कोपऱ्यात शिक्का असलेलं तावदान अख्ख्या मापानेच वापरायचं ठरवून घ्या.

वायरिंगमध्ये जुनं काही नको. वायर, बटणं, फ्यूज सगळं नवं, आणि 30 मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवाच. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. माझ्या एकूण खर्चाचा मोठा वाटा याच कामावर, स्क्रूंवर आणि वॉशरवर गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. आतून अस्तर म्हणून पॅकिंगचं थर्माकोल लावायचा मोह अनेकांना होतो. ते भराभर पेटतं आणि विषारी धूर सोडतं. मी पत्र्याखाली 4 इंच पोकळी ठेवून खोक्यांच्या प्लायवूडचं छत केलं. पावसाचा कडकडाट निम्म्यावर आला. पोकळीतली गरम हवा जायला वरच्या टोकाला जाळीची फट ठेवली. रंगकामाला टर्पेंटाइन वापरणाऱ्यांनी त्याची वाफ बाहेर जायला समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, एक खाली आणि एक वर.

छत ठोकण्याआधी मात्र एक पूर्ण सकाळ द्या. एकाने बाहेरून पाण्याची नळी धरायची, खालच्या पत्र्यापासून सुरुवात करून हळूहळू वर. दुसऱ्याने आत खडू घेऊन उभं राहायचं. माझा धाकटा भाऊ नळी धरून होता आणि मी आत ‘थांब’ म्हणत सात ठिकाणी गोल काढले. सातही भोकं बंद करून पुन्हा नळी फिरवली, तेव्हा आतलं लाकूड कोरडं राहिलं, आणि त्याच दुपारी प्लायवूडचा पहिला तुकडा वर चढला.