बघितल्याबिगर घावत न्हाई: फिजिओथेरपीला येणाऱ्यांसाठी

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकले. पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेऊन बेळगावात बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला आले, तेव्हा मेंदू, मज्जारज्जू, चेतातंतू हे सगळं मला मराठीत पाठ होतं. कॉलेजात तेच इंग्रजी नावांनी समोर आलं आणि पहिले कित्येक महिने मी नुसती नावं घोकली. मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या ३१ जोड्या, मेंदूतून थेट निघणाऱ्या १२. पेपर सुटला. पण पेशंटच्या खाटेपाशी उभी राहिले तेव्हा त्यातलं काही हाताशी येईना. निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडून यंदा जी मुलं या कोर्सला येतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घोकण्याऐवजी एक संवेदना बोटापासून मेंदूपर्यंत चालवत न्या, आणि एक हुकूम मेंदूपासून बोटापर्यंत खाली आणा. स्वतःच्या अंगावर बोट फिरवत, मोठ्यानं बोलत, आपल्या भाषेत. मला विषय समजला तो इथून.

पायाचा अंगठा उंबऱ्यावर आपटतो तेव्हा आधी लख्ख चमक येते आणि क्षणभरानं ठसठस सुरू होते. दोन्ही निरोप एकाच वेळी निघालेले असतात. चमक आणणाऱ्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाचं, पातळ वेष्टन असतं, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर पळतात. ठसठशीचे तंतू उघडे, सेकंदाला साधारण १ मीटर. अंगठ्यापासून डोक्यापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे ठसठस उशीर का करते ते कळेल. गरम तव्याला हात लागला तर तो भाजल्याचं कळायच्या आधीच मागे येतो, कारण तो निर्णय मज्जारज्जूतच होतो, मेंदूला नंतर कळतं.

संवेदना मज्जारज्जूत मागच्या मुळातून शिरते, हालचालीचा हुकूम पुढच्या मुळातून बाहेर पडतो. १८२२ मध्ये फ्रान्समध्ये माजांदी या शरीरशास्त्रज्ञानं प्राण्यांवर हे दाखवलं. मात्र आत शिरल्यावर सगळ्या संवेदना एका वाटेनं जात नाहीत, आणि इथेच बहुतेक मुलं अडकतात. मी बेळगावच्या तिलकवाडीतली ओळीनं येणारी रेल्वे गेटं डोळ्यांसमोर आणली: खालून वर जाताना आधी तिसरं, शेवटी पहिलं. दुखणं आणि थंड-गरम हे तिसऱ्या गेटलाच रूळ ओलांडतात, म्हणजे मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या पलीकडच्या बाजूला जातात. नेमका स्पर्श, कंपन आणि ‘माझा सांधा कुठल्या स्थितीत आहे’ ही जाणीव आपल्याच बाजूनं सरळ वर जातात आणि पार पहिल्या गेटला ओलांडतात. ते गेट म्हणजे मेडुला, मेंदूच्या देठाचा अगदी खालचा भाग. वरून येणाऱ्या हुकमाचे दहातले जवळजवळ नऊ तंतूही मेडुलातच बाजू बदलतात.

हे का लक्षात ठेवायचं? मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग कापला गेला, तर त्या खाली उजव्या पायातली ताकद आणि सांध्याची जाणीव जाते, आणि दुखणं, थंड-गरम मात्र डाव्या पायात कळेनासं होतं. ब्राउन-सेकार्ड या डॉक्टरचं नाव दिलेलं हे चित्र मी गेटं आठवून उभ्या उभ्या सांगू शकले. पाठ केलेलं तोवर कधीच विसरले होते.

हुकमाच्या वाटेवर दोनच चेतापेशी मुख्य धरा. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतची वरची, तिथून स्नायूपर्यंतची खालची. खालची तुटली की स्नायू सैल पडतो, वाळत जातो, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय हलत नाही. वरची तुटली की सुरुवातीचे दिवस अंग सैल, मग ताठरपणा येतो आणि हातोडी मारली की पाय जोरात उडतो. पक्षाघाताला आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘लक्वा’, तो बहुधा वरचा बिघाड. रक्तपुरवठा मेंदूच्या डाव्या बाजूचा अडला तर उजवं अंग जातं.

आता तपासणीबद्दल, कारण ती कुणी नीट शिकवत नाही. पहिल्या वेळी मी कापूस एका लयीत टेकवत ‘कळतंय?’ विचारत गेले आणि आजोबा एका लयीत ‘हो’ म्हणत गेले. त्यांचे डोळेही उघडे होते. ती नोंद खोटी होती आणि मी सही केली. आधी चांगल्या बाजूला स्पर्श कसा लागतो ते दाखवा, मग डोळे मिटायला सांगा, मध्येच न टेकवता विचारा. गोकाककडचे कन्नड बोलणारे पेशंट असतील तर ‘मुट्टिद्दु गोत्तागतैतेनरी?’ (‘स्पर्श कळतोय का हो?’) एवढं तरी यायलाच हवं. आणि शब्द सोडवून घ्या. ‘हात जड झालाय’, ‘हात मेलाय’ याचा अर्थ कुणाचा ताकद गेली असा असतो, कुणाचा बधिर झालाय असा. ‘शीर’ तर नस, रक्तवाहिनी, स्नायूची दोरी, सगळ्यालाच म्हणतात. ‘कपभर चहा उचलता का? चहा गरम आहे हे बोटाला कळतं का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा.

इंटर्नशिपमध्ये निपाणीच्या एक मावशी आल्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या. वारं गेल्यानंतर उजव्या हातात ताकद जवळजवळ पूर्ण परतली होती, मूठ माझ्याइतकी घट्ट. तरी विडी वळेना. पान फाटायचं, नाहीतर निसटायचं. म्हणाल्या, ‘‘हात माझाच हाय गं पोरी, पन बघितल्याबिगर घावत न्हाई.’’ त्यांचं बोट मी वर-खाली हलवून विचारलं, तर डोळे मिटून त्यांना दिशा सांगता येईना. पकड किती आवळायची हे मेंदू बोटांकडून, सांध्यांकडून क्षणोक्षणी येणाऱ्या निरोपावर ठरवतो. निरोप नाही, तर ताकद असून आंधळी.

त्या दिवशी मी ताकदीचे व्यायाम कमी केले. परातीत तांदूळ घेऊन त्यात चिंचोके, बटणं, सुपारी लपवली. आधी बघून, मग डोळे मिटून शोधायचं. अडलं की डाव्या हातानं चाचपून ताडायचं. रोज अर्धा तास, घरीही. पाचव्या आठवड्यात मावशींनी न बघता चिंचोका काढून माझ्या तळहातावर ठेवला. बटण अजून सुपारीच वाटत होतं.