एका गावाचा नागरी हक्क लढा कसा जपावा आणि कसा शिकवावा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की माँटगोमेरीचा बस बहिष्कार आणि मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. परंतु आपण ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) राहतो आणि आपली मुले जिथे शाळेत जातात, तिथे काय घडले हे अनेकदा शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी या कामात हात लावावा याला सबळ कारण आहे. आशियातील लोकांसाठी अमेरिकेची दारे उघडणारा १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्क चळवळीने बदललेल्या वातावरणातच संमत झाला. काम कसे करावे हे नीट कळावे म्हणून येथे व्हर्जिनियातील फार्मव्हिल हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे.

सुरुवात एका वास्तूपासून आणि एका तारखेपासून करावी. ‘आमच्या भागाचा कृष्णवर्णीय इतिहास’ असा विस्तीर्ण विषय घेतला तर काम पसरत जाते आणि अर्धवट राहते. फार्मव्हिलची वास्तू म्हणजे १९३९ साली १८० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बांधलेली मोटन हायस्कूल ही शाळा. पटसंख्या ४५० च्या वर गेली, तेव्हा प्रशासनाने नवी इमारत बांधण्याऐवजी डांबरी कागद लावलेल्या लाकडी खोपट्या उभ्या केल्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सभागृहात विद्यार्थ्यांना एकत्र करून संप पुकारला. त्यापूर्वी मुख्याध्यापकांना एका बनावट फोनद्वारे शाळेबाहेर पाठवण्यात आले होते. मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. पण ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी अट घातली की दावा वेगळ्या पण बऱ्या शाळेसाठी नव्हे, तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांचे विभाजनच रद्द करण्यासाठी लढवायचा. गावाने ती अट मान्य केली. हा दावा पुढे ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यातील पाच दाव्यांपैकी एक झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील असे विभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल दिला.

कागद शोधताना प्रथम न्यायालयीन दप्तर पाहावे. वादींची नावे, साक्षी आणि पुरावा म्हणून सादर केलेली छायाचित्रे तेथे एकत्र मिळतात. फार्मव्हिलच्या दाव्यात ११७ विद्यार्थ्यांची नावे होती. गावातील वृत्तपत्र अवश्य वाचावे, पण त्यावर विसंबू नये, कारण फार्मव्हिलमधील वृत्तपत्राचे संपादकच एकत्रित शाळांचे कट्टर विरोधक होते. त्याच तारखांची कृष्णवर्णीयांनी चालवलेली वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. त्याहून मागे जायचे असेल, तर १८७० ची जनगणना महत्त्वाची आहे. पूर्वी गुलामगिरीत असलेल्या बहुतेक माणसांची नावे जनगणनेत प्रथमच तिथे आढळतात. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांमध्ये सहसा मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण नोंदलेला असतो.

खरा ठेवा मात्र घरांत आणि चर्चमध्ये असतो. अंत्यविधीच्या वेळी वाटलेल्या छापील पुस्तिका, चर्चच्या सभांची इतिवृत्ते, कौटुंबिक बायबलमधील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे गटफोटो यांतून जी नाती उलगडतात, ती सरकारी कागदांत सापडत नाहीत. हे साहित्य मागून नेऊ नये. त्या घरी बसूनच स्कॅन करावे, मूळ वस्तू तिथल्या तिथे परत द्यावी, आणि फोटोतील माणसांची नावे घरातील ज्येष्ठांकडून विचारून मऊ पेन्सिलीने मागील कडेला लिहावीत. शाईचे पेन वापरू नये. स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ (TIFF) या फाइल स्वरूपात करावेत. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

मुलाखती सर्वांत आधी घ्याव्यात, कारण साक्षीदार आता वृद्ध झाले आहेत. फार्मव्हिलमध्ये निकालाने प्रश्न सुटला नाही. एकत्रित शाळा नकोत म्हणून, फार्मव्हिल ज्या काउंटीत येते त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ या काळात सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या; गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुले घरी राहिली. काहींना क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने इतर राज्यांतील कुटुंबांकडे शिकायला पाठवले, तर अनेकांचे शिक्षण कायमचे सुटले. अशा व्यक्तीला पहिल्याच भेटीत ‘तुम्ही किती शिकलात’ असे विचारणे क्रूर ठरेल. पहिली भेट ध्वनिमुद्रणाविना असावी. दुसऱ्या भेटीत बालपणीचा रस्ता, घर, सकाळची कामे इथपासून सुरुवात करावी आणि शांतता भरून काढण्याची घाई करू नये. लेखी संमती आधी घ्यावी, पण बोलून झाल्यावर तीच पुन्हा विचारावी, कारण काय सांगितले गेले हे तेव्हाच त्यांना कळलेले असते. शब्दांकनात त्यांची बोली ‘सुधारू’ नये.

वास्तू वाचवण्याचे काम स्थानिक कृष्णवर्णीय संस्थांच्या पुढाकारानेच व्हावे. बाहेरून आलेल्यांनी सोबत राहावे. मोटन शाळा १९९५ मध्ये बंद झाल्यावर मार्था ई. फॉरेस्टर कौन्सिल ऑफ विमेन या महिलांच्या संस्थेने निधी जमवून ती वाचवली. १९९८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये, संपाच्या पन्नासाव्या वर्षी, तिथे संग्रहालय उघडले.

शिकवताना मुलांसमोर प्रथम खोपटीचे आणि त्याच काळातील गोऱ्यांच्या शाळेचे छायाचित्र ठेवावे व फक्त काय दिसते ते लिहायला सांगावे. त्यानंतर विचारावे की, तुम्ही त्या सभागृहात असता तर उठून बाहेर पडण्याआधी कशाची भीती वाटली असती. बार्बरा त्यांच्याच वयाची आहे, म्हणून हा प्रश्न त्यांना पेलतो. संपानंतर आईवडिलांनी तिला सुरक्षिततेसाठी माँटगोमेरीला काकांकडे पाठवले, हेही सांगावे. मात्र मुलांना अपमानितांची किंवा अपमान करणाऱ्यांची भूमिका वठवायला कधीही लावू नये. वर्गातील कृष्णवर्णीय मुलांना त्यातून होणारी जखम खरी असते. जुन्या कागदांतील वर्णवाचक शब्द आले, तर ते त्या काळाचे आहेत हे वाचनापूर्वीच सांगावे.

धडा १९५४ वर संपवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. तो पुढे १९६४ पर्यंत न्यावा, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा उघडल्या, आणि शक्य असल्यास २००३ पर्यंत, जेव्हा शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांना उतारवयात मानद डिप्लोमा देण्यात आले. जमवलेले साहित्य वर्गात किंवा प्रदर्शनात येण्यापूर्वी प्रत्येक मुलाखतीची प्रत त्या कुटुंबाच्या हाती पोहोचलेली असावी, आणि पहिल्या तासाला, त्यांची इच्छा असल्यास, त्या व्यक्तीसाठी वर्गात पुढची खुर्ची राखून ठेवावी.