आइस हॉकीचा गेम शिकताय? आधी कॅमेरा ठरवा

शाळेत असताना मी साताऱ्यात मातीच्या मैदानावर हॉकी खेळायचे, लेफ्ट हाफला. त्यामुळे मावसभावाने कन्सोलवर ईए स्पोर्ट्सचा एनएचएल (अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या नावाचा व्हिडिओ गेम) लावला तेव्हा वाटलं, हॉकीच तर आहे, जमेल. पहिल्या आठवड्यात एकही मॅच जिंकले नाही. बटणं पाठ झाली होती, ऑफसाइड आणि आयसिंग हे नियमही कळले होते. चुकत होता तो कॅमेरा, म्हणजे स्क्रीनवर खेळ कुठून दिसतो ते. नव्याने खेळणारे या सेटिंगकडे फारसे वळतच नाहीत, म्हणून हे लिहितेय.

मी खालून, अगदी जवळून दिसणारा कॅमेरा निवडला होता. स्केट्सखालचा बर्फ उडताना दिसतो, आपण स्वतः रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, उतरल्यासारखं वाटतं. पण मैदानावर मान वळवून बघता येतं, स्क्रीनवर येत नाही. पक (चेंडूऐवजी असते ती चकती) माझ्याकडे आला की समोरचा गोलकीपर आणि अंगावर येणारा डिफेन्समन, एवढंच दिसायचं. डावीकडे मोकळा उभा असलेला आपलाच खेळाडू चौकटीबाहेर. मग पास देणार कुणाला?

थोडं गणित केलं की गोष्ट नीट कळते. एनएचएलची रिंक 200 फूट लांब, 85 फूट रुंद. टीव्हीची चौकट 16:9. गोल वरच्या बाजूला ठेवून बरोबर डोक्यावरून बघायचं आणि 85 फूट रुंदी पूर्ण बसवायची म्हटलं, तर उंचीत जेमतेम 48 फूट मावतात. हल्ल्याचा भाग जिथून सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून गोल लाइन मात्र 64 फुटांवर असते. म्हणजे पक गोलजवळ असताना निळ्या रेषेवर थांबलेले तुमचे दोन्ही डिफेन्समन दिसणारच नाहीत. म्हणून अशा उभ्या, म्हणजे गोल वरच्या बाजूला दाखवणाऱ्या, कॅमेऱ्याला थोडा कल हवा, आणि झूम मागे ओढलेला हवा.

आडव्या कॅमेऱ्यात, म्हणजे ट्रू ब्रॉडकास्टमध्ये, टीव्हीवरच्या मॅचसारखी रिंकची लांबी भरपूर दिसते. डोळ्याला तो सवयीचाही वाटतो. पण अलीकडच्या बोर्डाला (रिंकभोवतीच्या कठड्याला) चिकटलेला पक त्याच बोर्डाआड जातो. शिवाय गोल बाजूला असल्यामुळे नेटचे डावे-उजवे कोपरे स्क्रीनवर वर-खाली येतात, आणि नेम धरताना सवय नसलेला अंगठा हमखास चुकतो. उभ्या कॅमेऱ्यात डावं ते डावंच राहतं. माझं स्पष्ट मत आहे: सुरुवात ओव्हरहेड किंवा डायनॅमिक हाय या वरून बघणाऱ्या उभ्या कॅमेऱ्याने करा.

तुमच्यासाठी कोणता बरा, हे एका साध्या चाचणीने कळेल. पक घेऊन समोरच्या गोलच्या मागे जा आणि पॉज दाबा. आता आपले खेळाडू मोजा. गोलकीपर सोडून पाच असतात. चार-पाच दिसले तर कॅमेरा चांगला. दोन-तीनच दिसले तर झूम कमी करा, तरी नाही जमलं तर कॅमेरा बदला. आणि एकदा ठरवलात की निदान दहा मॅच तोच ठेवा. मी प्रत्येक पराभवानंतर बदलायचे, त्यामुळे पास किती जोरात द्यायचा याचा अंदाजच बसत नव्हता.

टीव्हीचंही सांगते. पक म्हणजे तीन इंच व्यासाची रबरी चकती. वरच्या कॅमेऱ्यातून 32 इंची टीव्हीवर ती ठिपक्याएवढी होते. आमच्या सदरबझारच्या घरात दिवाण भिंतीला लागून होता, तिथून मला पकऐवजी खेळाडूंची धावपळ बघून अंदाज बांधावा लागायचा. मी खुर्ची टीव्हीपासून चार फुटांवर आणली, टीव्हीचा गेम मोड (बटण दाबल्यावर चित्र उशिरा दिसणं कमी करणारी सेटिंग) चालू केला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा गोलमागून निळ्या रेषेवर पास दिला आणि तिथून मारलेला शॉट आत गेला.

एकाच टीव्हीवर दोघं समोरासमोर खेळत असाल तर गोष्ट वेगळी. उभ्या कॅमेऱ्यात एकाला वर आणि दुसऱ्याला खाली, स्वतःच्या तोंडावर येणाऱ्या दिशेने हल्ला करावा लागतो. ते अन्यायाचं आहे. म्हणून भाऊ सुट्टीला आला की आम्ही ट्रू ब्रॉडकास्ट लावतो, आणि तो पुण्याला परत गेला की मी पुन्हा ओव्हरहेडवर.